नव्या टँगो वाद्यवृंदांवर पाऊल का अडतं?

पेटीवाला, कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आठ दिवस डोक्यात घोळतोय म्हणून सविस्तरच लिहितो.

मी पेटी वाजवतो. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ आणि कथकच्या वर्गांना लेहरा, म्हणजे नाचाखाली पुन्हा पुन्हा फिरणारी सुरांची ओळ, तीस वर्षं हेच काम. टँगोकडे सहा वर्षांपूर्वी बायको घेऊन गेली. सुरुवातीला मी कोपऱ्यात बसून नुसता ऐकायचो. बांदोनियोनचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा अंगावर काटा आला होता. भात्याचंच वाद्य, जर्मनीत जन्मलं, बोटीतून अर्जेंटिनात गेलं आणि तिथलंच होऊन बसलं. आपल्या पेटीचं तरी काय वेगळं आहे? तीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं, आणि आज तिच्याशिवाय मैफल उभी राहत नाही. तर त्या ओढीने मी नाचायलाही शिकलो.

म्हात्रे पुलाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा गट दर रविवारी संध्याकाळी जमतो. शहाबादी फरशी, तीन पंखे, दोन स्पीकर, दहा-बारा जोड्या. गेल्या वर्षापासून गाणी लावायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: टँगोच्या संध्याकाळी, म्हणजे मिलोंगात, एकाच वाद्यवृंदाच्या एकाच काळातल्या तीन किंवा चार चिजा सलग लावतात. या मालिकेला तांदा म्हणतात. मग मध्ये भलत्याच कुठल्या तरी संगीताचा छोटा तुकडा वाजतो, जोड्या बदलतात, आणि पुढची तांदा सुरू. आमच्याकडे लागतं ते जवळजवळ सगळं १९३५ ते १९५५ मधलं, प्रमुखांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदांचं: दारिएन्सो, दि सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे, कालो, तान्तुरी.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच आजच्या एका वाद्यवृंदाची तांदा लावली. दारिएन्सोच्या ढंगात वाजवणारा, मुद्दाम नाचणाऱ्यांसाठी वाजवणारा वाद्यवृंद. नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांचा आहे असं मला अजूनही वाटत नाही. पहिल्या चिजेला सगळे उभे राहिले. दुसरीत मधेच दोन जोड्या एकमेकांवर आदळल्या, जे आमच्याकडे सहसा होत नाही. तिसरीला चारच जोड्या उरल्या. गटातले सगळ्यात जुने सभासद माझ्यापाशी आले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "ऐकायला छान आहे हो, पण पायात येत नाही."

रात्री घरी येऊन दोन्ही लावून बघितलं. तांदातली एक चीज दारिएन्सोचीच आहे, तिचं १९३७ चं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. मांडीवर ठोके धरून मोजलं. लय जवळजवळ तीच! वाद्यंही तीच: बांदोनियोन, व्हायोलिनं, पियानो, डबल बास. मग पायात का येत नाही?

हे माझ्या इतकं जिव्हारी का लागलं तेही सांगतो. कथकच्या वर्गातल्या मुली आता फोनवर लेहरा लावून रियाज करतात. राग निवडा, ताल निवडा, लय निवडा. दोन वर्गांनी मला बोलावणं बंद केलं. नाचणाऱ्यापुढे जिवंत वादक हवा, हे मी गेली पाच वर्षं ज्याला त्याला सांगतोय, आणि रविवारी मात्र ऐंशी वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डी लावतोय, आणि गेल्या रविवारपर्यंत जिवंत वादकांचं एक गाणंही लावलं नव्हतं. हे मला स्वस्थ बसू देत नाही. दिवाळीनंतर आमच्या गटाचा मोठा कार्यक्रम आहे, नाशिक-मुंबईचेही लोक येतील. त्यात आजच्या वाद्यवृंदांची निदान एक तांदा मला लावायचीच आहे, आणि लोक बसलेले नकोत, नाचताना हवेत.

चूक नेमकी कुठे होतेय? वाजवणाऱ्यांत, ध्वनिमुद्रणात, आमच्या कानांत, की माझ्या निवडीत?

घुंगरू

दादा, बोलावणं बंद केलेल्या त्या दोन वर्गांत माझा वर्ग नाही, हे आधी सांगते.

मी कथक शिकवते आणि चार वर्षं टँगो करते. मला वाटतं तुमचं उत्तर लेहऱ्यातच आहे. सोळा मात्रांची तीच ओळ तासभर फिरते, पण समोर माणूस वाजवत असतो तेव्हा ती तीच राहत नाही. माझी मुलगी तिहाईत घाई करायला लागली की वाजवणारा भाता जरा दाबून सम दाखवतो, आणि ती वेळेत येऊन पडते. फोन असं करत नाही. म्हणून फोनवर रियाज केलेली मुलगी रंगमंचावर जिवंत साथीला बिचकते. तिला वाटतं साथीदार चुकतोय. साथीदार बरोबर असतो, तिने फोन पाठ केलेला असतो.

आपण सगळ्यांनी दारिएन्सो असाच पाठ केलाय. बियाजी त्याच्याकडे पियानोवर १९३५ च्या शेवटी आला आणि १९३८ मध्ये गेला. ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत तो उजव्या हाताने जे चमकदार तुकडे टाकतो, ते कुठे येणार हे माझ्या पायांना डोक्याच्या आधी कळतं. मी तिथे वळण घेते, जोडीदार तिथे पाऊल आवरतो. नव्या वाद्यवृंदाने तीच चीज वाजवली आणि तो तुकडा अर्ध्या मात्रेने इकडे-तिकडे केला किंवा तिथे व्हायोलिन घातलं, की पाय तोंडघशी पडतात. तुमच्या दोन जोड्या नेमक्या कुठे आदळल्या ते आठवून बघा. ओळीच्या शेवटाला असणार.

माझं ऐकाल तर पुढच्या वेळी आधी नाचायला लावूच नका. टँगोचं मूळ चालण्यात आहे. नव्या वाद्यवृंदाच्या दोन चिजा लावा आणि सगळ्यांना एकेकटं, जोडीदाराशिवाय, हॉलभर नुसतं चालायला सांगा. पाठ केलेलं कामाला येणार नाही, ऐकावंच लागेल.

ध्वनी_नारायणपेठ

मी कार्यक्रमांना साउंड करतो, नाचत नाही. एकच मुद्दा. जुन्या ७८ गतीच्या रेकॉर्डींत हळू आणि मोठा आवाज यांत अंतर फार कमी असतं, सगळं एका पातळीवर पुढे येऊन वाजतं. आजच्या ध्वनिमुद्रणात हळू भाग खरंच हळू असतो. हेडफोनवर तो सुंदर लागतो, पण तीन पंखे, बाहेर पाऊस आणि फरशीवर वीस जणांचे बूट असताना तो भाग हॉलच्या मागच्या बाजूला पोचतच नाही. तिथे ठेका नाहीसा झाला असं लोकांना वाटतं. शिवाय नवीन मुद्रणातला डबल बास खोलवर जातो आणि रिकाम्या, फरशीच्या हॉलमध्ये नुसता घुमतो, ठोका म्हणून कळत नाही. स्पीकर जमिनीवर असतील तर आधी ते उचला, कानाच्या उंचीला आणा. त्या तांदापुरता खालचा बास कमी करा, मधला भाग थोडा वाढवा, आणि हळू भागात हात आवाजाच्या खटक्यावर ठेवा.

दक्षिण_गोलार्ध

घुंगरू यांचं पाठांतराचं म्हणणं निम्मं पटलं. उरलेलं निम्मं असं, की आज वाजवणाऱ्या सगळ्यांनाच नाचणाऱ्यांसाठी वाजवता येतं असं नाही, आणि त्याला कारण आहे.

१९४० च्या दशकात ब्यूनोस आयर्समधले वाद्यवृंद रेडिओवर वाजवायचे, रेकॉर्डी काढायचे आणि रात्री क्लबांत, कार्निव्हलच्या मोठ्या नाचांत वाजवायचे. समोर शेकडो जोड्या. कुठल्या ठिकाणी गर्दी थबकते, कुठे फिरते, हे वादकांना रोज दिसत होतं. १९५५ मध्ये पेरोनचं सरकार उलथलं. त्यानंतरच्या वर्षांत नाच ओसरत गेला, तरुण रॉककडे वळले, दहा-बारा माणसांचा वाद्यवृंद पोसणं अवघड झालं. जे टिकले त्यांच्यापुढे बरेचदा खुर्चीत बसलेले श्रोते होते. खुर्चीतल्या श्रोत्यासाठी ओळीचा शेवट लांबवता येतो, गायकाला हवं तिथे रेंगाळता येतं, मधेच लय सोडून पुन्हा पकडता येते. संगीत म्हणून त्यात काही कमी नाही. पण ज्याचं एक पाऊल हवेत आहे तो कुठे जाणार?

दुसरी अडचण कागदाची. नोटेशनमध्ये स्वर असतात, वाजवायची तऱ्हा नसते. चारही ठोके कसे तोडून, दाबून द्यायचे, ज्याला मार्काटो म्हणतात. ठोक्याच्या जरा आधी खालून ओढत आणलेला आर्रास्त्रे. व्हायोलिनवर घोडीच्या मागे गज घासून काढलेली किरकिर, चिचार्रा. हे शेजारी बसून शिकायचं असतं, आणि ती शेजारी बसायची साखळीच तुटली होती. म्हणून २००० साली इग्नासिओ वार्चाउस्की या बासवादकाच्या पुढाकाराने तिथे ओर्केस्ता एस्कुएला, म्हणजे वाद्यवृंदाची शाळाच, उभी राहिली. पुग्लिएसेकडे व्हायोलिन वाजवलेले एमिलिओ बाल्कार्से तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. त्यांनी विशी-पंचविशीतल्या मुलांना घेऊन एकेका वाद्यवृंदाची तऱ्हा वाजवून घेतली. आपल्याकडे याला तालीम म्हणतात, दुसरा शब्द नाही.

म्हणून नवं काही निवडताना मी आधी विचारतो, यांना तालीम कुठून मिळाली? कोलोर टँगो १९८९ मध्ये रोबेर्तो आल्वारेस यांनी काढला, ते स्वतः पुग्लिएसेचे बांदोनियोनवादक. ला ह्वान दारिएन्सो हा वाद्यवृंद फाकुंदो लाझारीने उभा केला, त्याचे आजोबा कार्लोस लाझारी दारिएन्सोकडे बांदोनियोन वाजवायचे आणि संयोजन करायचे. घराण्याची वही घरातच होती. दुसरीकडे सेक्स्तेतो मिलोंगेरो किंवा रोमांतिका मिलोंगेरा यांनी कोणा एकाची गादी न चालवता स्वतःचा रंग काढला, पण डोळ्यांपुढे नाचणारेच ठेवून. आणि दादा, एकाच तांदात दोन वेगळे वाद्यवृंद मिसळू नका. जुन्यांना जो नियम, तोच नव्यांना.

२०१८ मध्ये मी कामानिमित्त सात आठवडे तिथे होतो. सलोन कानिंग या तिथल्या नाचाच्या हॉलमध्ये रात्री एकच्या सुमारास वाद्यवृंद वाजायला लागला. टँगोच्या शेवटी ते दोन ठोके असतात ना, चान-चान? मंचाजवळ एक म्हातारं जोडपं नाचत होतं, आजीबाईंचं वळण अजून पुरं व्हायचं होतं. पहिल्या बांदोनियोनवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मान किंचित वर केली, आणि सगळ्या वाद्यवृंदाने शेवटचा ठोका क्षणभर धरून ठेवला. आजींचा पाय टेकला, मग ठोका पडला. ते बघितल्यापासून मी रेकॉर्डीवर नाचतो तेव्हाही मनात तो ठोका कुणीतरी माझ्यासाठी धरलाय असंच समजून नाचतो.

अकॉर्डियन_७१

माझं वय एकाहत्तर. अकॉर्डियन. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत पुण्यातली कॉलेजची गॅदरिंगं, लग्नं, क्लबमधले नववर्षाचे नाच, सगळीकडे वाजवलंय. टँगोही वाजवला, सिनेमातल्या गाण्यांच्या अंगाने.

पुढे मोठा संगीतकार झालेला आस्तोर पियाझोला तरुणपणी त्रोइलोकडे बांदोनियोन वाजवत होता, १९३९ ते १९४४. तो संयोजनंही करायचा, आणि त्रोइलो खोडरबर घेऊन त्यातले बरेचसे स्वर पुसून टाकायचा, असं पियाझोलानेच सांगून ठेवलंय. नाचणाऱ्यांना जड जाईल म्हणून. तरुणपणी ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्रोइलोचा राग आला होता. आज मी त्रोइलोच्या बाजूचा आहे. १९४१ च्या त्याच्या रेकॉर्डी ऐका, गायक फिओरेंतीनो. ऐकणाऱ्यालाही पुरेसं आहे आणि नाचणाऱ्यालाही. पुसल्यामुळे काही कमी झालेलं नाही, जागा झाली आहे. नव्या मुलांचं ऐकताना मला जाणवतं ते हेच: शिक्षण उत्तम, हात तयार, पण पुसायला कोणी नाही. प्रत्येक मोकळ्या जागेत काहीतरी भरलेलं असतं. जोडी तिथे श्वास कशी घेणार?

पेटीवाले, एक विचारतो. तुम्ही स्वतः का वाजवत नाही? दहा जणांचा वाद्यवृंद पुण्यात आणणं कुणाला परवडणार नाही, ते खरं. पण तीन-चार जणांतही नाच उभा राहतो. रशियातले सोलो टँगोवाले चौघंच आहेत.

मात्र पेटीवर मार्काटो धरायला जाऊ नका. एक हात भात्यात गुंतलेला, सूरही झटकन तुटत नाही. बांदोनियोनवाला वाद्य गुडघ्यावर ठेवून पाय उचलतो आणि ठोक्यावर खाली सोडतो, वाद्याचं सगळं वजन त्या ठोक्यात येतं. शिवाय त्याचं एकच बटण भाता उघडताना एक स्वर देतं आणि मिटताना दुसरा, त्यामुळे त्याची बोटं वेगळाच विचार करतात. ठोका अकॉर्डियनला सांभाळू द्या, आणि पेटीवर दि सार्लीच्या व्हायोलिनांसारखी लांब ओळ घ्या. ते तुम्हाला येणारच, नाट्यपदांना तेच करत आलात.

पेटीवाला, कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे दोन रविवार गेले. काय झालं ते क्रमाने सांगतो.

पहिल्या रविवारी स्पीकर लाकडी स्टुलांवर चढवले आणि बास कमी केला. फरक इतका होता की बायकोने विचारलं, नवीन स्पीकर आणले का? मग घुंगरू यांनी सांगितल्याप्रमाणे दोन चिजा नुसतं चालायला लावलं. पहिली दोन मिनिटं सगळे अवघडले. नंतर एक वेळ अशी आली की हॉलमधले वीस जण एकाच ठोक्याला पाऊल टाकत होते, आणि वाद्यवृंद जिथे थबकला तिथे सगळे थबकले. मी टेबलापाशी उभा होतो, डोळे भरून आले. जोड्या आदळल्या होत्या त्या ओळीच्या शेवटालाच, तेही आठवलं. घुंगरू, तुमचा अंदाज अचूक होता.

गेल्या रविवारी टँगोच्या आधी वाल्सची तांदा लावली, तीही आजच्या वाद्यवृंदाचीच. वाल्समध्ये तीन ठोक्यांची फिरकी स्वतःच माणसाला ओढून नेते, तिथे नवा आवाज अनोळखी वाटत नाही. दहा जोड्या तिन्ही चिजा नाचल्या. मग दारिएन्सोच्या मूळ रेकॉर्डींची एक तांदा, आणि तिच्यानंतर लगेच ला ह्वान दारिएन्सो. आमचे ते जुने सभासद पहिल्या दोन चिजा पत्नीबरोबर नाचले, तिसरीला बसले. मी विचारलं नाही, तेच म्हणाले, "दुसऱ्यात आलं पायात. तिसरं पुढच्या वेळी." त्यांच्याकडून एवढं मिळणं मला खूप आहे.

दक्षिण गोलार्ध यांनी तालमीचं लिहिलं त्यावर मी पुष्कळ विचार केला. माझ्याच क्षेत्रात बघा. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी आजही आहेत, पण ती गायकी पुढे गेली ती जयमालाबाई शिलेदारांसारख्यांनी गळ्यात घेतली म्हणून. जागा तीच, तरी दर प्रयोगाला समोरच्या प्रेक्षकांकडे बघून ती नव्याने घेतलेली. मी अशा प्रयोगांना साथ केली आहे आणि त्याला नक्कल म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. मग अर्जेंटिनातल्या पंचविशीच्या पोराने दारिएन्सोचा ठोका धरला तर त्याला नक्कल का म्हणायचं? दारिएन्सो १९७६ मध्ये गेला. त्याचा ठोका कुणीतरी आज रात्री, चालत्या पायांकडे बघून धरायला हवाच ना.

अजून एक घडलं. चालायच्या त्या दिवशी कथकच्या एका वर्गाच्या बाई आमच्याकडे बघायला आल्या होत्या, बोलावणं बंद झालेल्या दोनांपैकी एक. जाताना म्हणाल्या, गुरुवारी याल का? गेलो होतो. मुलींनी पहिला अर्धा तास समेला माझ्याआधी पोचायची घाई केली. नंतर ऐकायला लागल्या.

आता अकॉर्डियनवाल्या काकांसाठी. काका, तुमचा प्रश्न मी सोडलेला नाही, उलट त्याने झोप उडवली आहे. दि सार्लीच्या दोन चिजा पेटीवर बसवतोय. १९५७ चं ते प्रसिद्ध 'बाईया ब्लांका' आधी घेतलं होतं, पण त्यात पियानोचा डावा हात दोन ओळींना जे जोडत नेतो ते माझ्याकडे नाही, म्हणून बाजूला ठेवलं आणि १९४० च्या सुरुवातीचं सोपं घेतलं. आमच्या गटातली एक मुलगी व्हायोलिन वाजवते, पाश्चात्त्य पद्धतीचं शिकलेली. ती तयार आहे. ठोक्याला माणूस नाही. दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात एकच तांदा, तीन चिजा, जिवंत वाजवायच्या, असं मनात आहे. तुम्ही याल का? पुढच्या रविवारी, नाच सुरू व्हायच्या आधी, पाच वाजता हॉलवर. नंतर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा. आणि पुण्यात डबल बास वाजवणारं कोणी हे वाचत असेल तर कृपया इथेच लिहा.

अकॉर्डियन_७१

येतो. ठोक्याचा सराव आजपासूनच सुरू करतो. पियानोचा तो डावा हात अकॉर्डियनच्या बासवर थोडाफार काढता येईल असं वाटतंय, तेव्हा 'बाईया ब्लांका' अगदीच टाकू नका. जिना किती पायऱ्यांचा आहे तेवढं कळवा. अकॉर्डियन त्याच्या खोक्यासकट बारा किलोच्या वर भरतं, वर चढवायला एखादा तरुण खाली उभा ठेवा.